गाडी धूर मारायला लागली? ‘हाफ इंजिन’ करण्याआधी एवढं वाचून घ्या

बारामती/इंदापूर, वार्ताहर : गाडीने धूर सोडायला सुरुवात केली की पहिला सल्ला पारावरच मिळतो. “रिंगा टाकून घे, हजार-बाराशेत मिटतंय.” दोन वर्षांपूर्वी मीही तेच ऐकलं. माझी गाडी २००१ ची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच १२ पासिंगची. रिंगा टाकल्या, हेडचं पॅकिंग बदललं, गाडी संध्याकाळी घरी. आठ-दहा दिवस बरी चालली. दोन महिन्यांत पुन्हा निळा धूर, आणि आता आधीपेक्षा जास्त. शेवटी ऐन ऊसतोडीत दुसऱ्या मिस्त्रीकडे तेच इंजिन परत खोलावं लागलं. एकाच कामाची मजुरी दोनदा गेली आणि सहा दिवस दुधाची किटली शेजारच्याच्या गाडीवर डेअरीला गेली.

दुसऱ्या वेळी मी चारही दिवस तिथे बसून राहिलो. पत्रकाराची सवय, विचारत राहिलो. त्या मिस्त्रींनी कंटाळा न करता सांगितलं, त्यातून आणि नंतर स्वतः केलेल्या उचापतींतून जे कळलं ते इथे देतोय. आपल्या दोन्ही तालुक्यांत पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या कमी नाहीत. त्यावर दूध जातं, वैरण येते, रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला त्याच गाडीवर जावं लागतं. काम एकदाच आणि नीट व्हावं एवढाच हेतू.

एम-८० ची सवय नडते

चाळिशीच्या पुढच्या माणसाला बजाजची टू-स्ट्रोक एम-८० आठवत असेल. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मागून धुराचा पट्टा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून जळायचं, त्यामुळे धूर हा तिचा आजार नव्हता, स्वभाव होता. हेड चार नटांत निघायचं, त्यात वॉल्व्ह नाही, कॅम नाही. कार्बन खरवडला, रिंग टाकली की गाडी चालू. आमच्या वडिलांनी हे काम गोठ्यात बसून केलेलं मी पाहिलंय.

हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये. या फोर-स्ट्रोक गाड्या. यात ऑइल खाली वेगळं असतं, ते जळायचंच नसतं. म्हणजे सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की इंजिन ऑइल खातंय. आपण मात्र जुन्या सवयीने “थोडा धूर मारतीय, चालतंय की” म्हणत सहा-सहा महिने काढतो. या गाडीत ऑइल मुळात एक लिटरच्या आसपासच असतं. त्यातलं अर्धं जळून गेलं आणि कुणी बघितलंच नाही, तर हजारांत मिटणारं काम क्रँकपर्यंत जातं.

आत झिजतं काय?

स्प्लेंडरच्या सिलेंडरचा, म्हणजे आपण ज्याला ब्लॉक म्हणतो त्याचा आतला व्यास ५० मिलिमीटर. पिस्टन त्यात ४९.५ मिलिमीटर वर-खाली होतो. याचाच गुणाकार करून ९७.२ सीसी येतो. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे फिरत असेल, तर पिस्टन एका सेकंदात ८३ वेळा वर जाऊन खाली येतो. म्हणजे त्या दोन इंचांच्या नळीत तो मिनिटाला जवळपास अर्धा किलोमीटर घासला जातो. पिस्टन आणि नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची, केसापेक्षाही कमी. तिथे ऑइलचा पातळ थर असतो म्हणून लोखंड लोखंडाला लागत नाही.

आता या फटीत धूळ घाला. मातीतली वाळू लोखंडापेक्षा कठीण असते. ऑइलमध्ये कालवली की ती पॉलिश पेपरचं काम करते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत भवानीनगर, माळेगाव किंवा सोमेश्वरकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या मागे गाडी घालून बघा, श्वास घेता येत नाही. इंजिन तीच हवा ओढतं. मध्ये फक्त एअर फिल्टर असतो.

माझा गुन्हा इथेच होता. फिल्टरचा स्पंज फाटला होता. “काढून टाक, पिकअप चांगला मिळंल,” असं कुणीतरी म्हटलं आणि मी काढून टाकला. पिकअप खरंच वाढल्यासारखा वाटला. अख्खा गळीत हंगाम तशीच फिरवली. पन्नास-साठ रुपयांचा स्पंज वाचवला आणि ब्लॉक घालवला.

दुसरं कारण उष्णता. ही इंजिनं फक्त वाऱ्यावर गार होतात, ब्लॉकवरच्या पात्या त्यासाठीच असतात. पाण्याच्या पाळीत काळ्या रानातून गाडी घातली की चिखल उडून पात्यांत बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. त्यात मागे दोन किटल्या, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वारा नाही. ऑइल पातळ होतं, रिंगा ताण सोडतात. गाडी धुताना टाकी चमकवण्याआधी त्या पात्यांत पाण्याचा फवारा मारा.

आधी धूर ओळखा

धुराचा रंग आणि वेळ, दोन्ही बघायचं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय किंवा कार्बोरेटरचं काहीतरी. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही. थंडीत सकाळी पांढरी वाफ येते आणि दोन-तीन मिनिटांत जाते, ते पाणी आहे, सोडून द्या.

निळसर, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे ऑइल. ते दोन वाटांनी वर येतं. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या किकला धुराचा लोट येतो आणि मग कमी होतो, किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दिला की भपकन येतो, तर संशय हेडवर घ्यायचा. वॉल्व्हच्या दांड्यावर रबरी सील असतं, ते कडक झालं की वरचं ऑइल गळून आत जातं. नुसतं सील बदलून काम भागू शकतं, ब्लॉकला हात लावायची गरज नाही. आणि गाडीवर वजन असताना, चढाला, अॅक्सिलरेटर दिला की धूर वाढत जातो, किक हलकी लागते, तर मग रिंगा आणि ब्लॉक.

खात्री करायची तर मिस्त्रीकडे कॉम्प्रेशन गेज असतं. प्लग काढून ते लावायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारायच्या, काटा कुठे जातो ते लिहून ठेवायचं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून परत तेच करायचं. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. आकडा हललाच नाही तर गळती वॉल्व्हमधून. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या पहिल्या वेळी हे झालं नाही, गाडी स्टँडवर लावली आणि थेट पाना लागला.

पिकअप गेला म्हणजे इंजिनच गेलं असंही नाही. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेटा बघा.

हाफ की फुल?

आपल्याकडचे मिस्त्री हेड आणि ब्लॉकपर्यंतच्या कामाला हाफ इंजिन म्हणतात. क्रँक, बेअरिंग, गिअर बॉक्स उघडला की फुल इंजिन. फुलचा खर्च दुपटीच्या पुढे जातो, म्हणून गिऱ्हाईक हाफवर अडून बसतं. पण खालून, पायाच्या बाजूने, जड टक-टक येत असेल तर नुसतं वरचं काम करून उपयोग नाही. ब्लॉक निघाल्यावर कनेक्टिंग रॉड हाताने धरून सरळ वर-खाली हलवून बघायला सांगा. डावी-उजवीकडे थोडी हालचाल असायचीच. पण वर-खाली खट्ट जाणवलं, तर रॉडचं बेअरिंग गेलंय. त्यावर नवा पिस्टन बसवला की वरचा जोर वाढतो आणि खालचं राहिलेलं लवकर जातं. अशा वेळी मिस्त्री फुल करा म्हणत असेल तर तो लुटतोय असं समजू नका.

खरं काम ब्लॉकच्या मापात

माझ्या पहिल्या कामात काय चुकलं ते दुसऱ्या मिस्त्रींनी ब्लॉक उजेडात धरून दाखवलं. वरच्या कडेला नखाला लागेल एवढी पायरी तयार झाली होती. रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत नळी झिजलेली, त्याच्या वर मूळ मापाची. खाली उभे ओरखडे, आणि मधला भाग आरशासारखा गुळगुळीत.

“दादा, ही नळी आता गोल राहिली न्हाय. अंड्यासारखी झालीया. गोल रिंग अंड्यात बसंल का?”

हेच ते. पिस्टन खाली येताना रॉड तिरपा असतो, त्यामुळे तो एका बाजूला जास्त दाबतो आणि नळी त्याच दिशेने जास्त झिजते. वरती उष्णता जास्त, ऑइल कमी, म्हणून वर जास्त झिजते आणि खाली कमी. नवी रिंग पूर्ण गोल असते. ती अशा नळीत दोन-तीन ठिकाणीच टेकते, बाकी जागेतून ऑइल वर आणि गॅस खाली. गुळगुळीत झालेल्या नळीत ती घासून बसतही नाही. वरच्या पायरीवर नव्या रिंगेची कोरी कड आपटली तर रिंग तुटूही शकते.

म्हणून ब्लॉक निघाला की तो मोजायचा. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापं. माझा ब्लॉक खाली ५०.०२ होता आणि वर ५०.१४. ऐकायला हे काहीच नाही, पण जिथे फटच शंभराव्या भागात मोजायची तिथे हे भगदाड आहे. मिस्त्रीकडे गेज नसेल तर लेथवाल्याकडे असतं. आपला भाग यात गरीब नाही. वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनली, इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंग बनल्या. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होतात, २०१२ पासून व्हेस्पाही. बारीक माप धरणारा हात आपल्याकडे शोधला तर सापडतो. फक्त “एका दिवसात द्या” म्हणून त्याच्या मागे लागू नका.

स्प्लेंडरसारख्या जुन्या गाडीच्या ब्लॉकला आत बिडाची नळी असते, त्यामुळे ती कापून मोठी करता येते. यालाच बोअर मारणं म्हणतात. त्यासाठी पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे पिस्टन मिळतात : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. झीज थोडी असेल तर ०.२५ ला नळी स्वच्छ निघते. ओरखडा खोल असेल तर ०.२५ मध्ये तो पूर्ण जात नाही, मग सरळ ०.५० घ्यायचा. काही नव्या गाड्यांच्या ब्लॉकला आतून कठीण लेप दिलेला असतो, त्याला बोअर मारता येत नाही, ब्लॉकच बदलावा लागतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग बोअर मारायचा. पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्यायचा. तो पिस्टनचा घेर खालच्या बाजूला, पिनेच्या आडव्या दिशेने मोजतो आणि कंपनीने सांगितलेली फट धरून नळी कापतो. बरेच जण घाईत आधी “पन्नासचा बोअर मारून ठेवा” सांगतात आणि मग दुकानात पिस्टन शोधतात. फट जास्त झाली तर थंड इंजिन खडखडतं. कमी झाली तर पिस्टन तापून फुगतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. मागचं चाक लॉक होतं, आणि हायवेला असाल तर पुढचं सांगायला नको.

कापल्यावर होनिंग. दगडाने आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि नवी रिंग त्यावर घासून नळीला बसते. होनिंगनंतर ब्लॉक नुसता पेट्रोलने धुतला तर दगडाची पूड रेघांतच राहते. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाची पावडर घेऊन ब्रशने घासायचं. मग पांढरं फडकं आतून फिरवायचं. फडकं काळं निघतंय तोवर धुवायचं. स्वच्छ निघालं की वाळवून लगेच ऑइल लावायचं, नाहीतर तासाभरात तांबेरा धरतो. मी हे काम स्वतः केलं. बायकोचा जुना पांढरा परकर त्यात गेला आणि त्याचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.

बोअर मारायचा नसेल तर पूर्ण किट मिळतं, म्हणजे नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन आणि लॉक. लेथची भानगड नाही, दिवस वाचतात. पण बाजारात हुबेहूब डब्यात नकली माल भरपूर आहे. भावात निम्म्याचा फरक दिसला तर तो स्वस्त नाही, दुसरा माल आहे. पक्कं बिल मागा. दुकानदार बिल देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

हेडला विसरू नका

ब्लॉक नवा करून हेड तसंच बसवलं की बरेचदा महिन्यात निळा धूर परत दिसतो आणि शिव्या पिस्टनला बसतात. खाली दाब वाढला की वरची कमजोरी उघडी पडते. हेड उलटं ठेवून वॉल्व्हच्या वाटेत पेट्रोल ओतायचं आणि दहा मिनिटं बघायचं. चेंबरच्या बाजूला ओल आली तर वॉल्व्ह नीट बसत नाही. पेस्ट लावून वॉल्व्ह घासायचा, ज्याला लॅपिंग म्हणतात, म्हणजे बसकीवर सगळीकडे सारखी राखाडी रेघ दिसते. वॉल्व्ह गाइडमध्ये हलवून बघायचा. लुडबुडत असेल तर नवं सील टाकूनही ते टिकणार नाही, गाइड बदलायला लागतो. लॅपिंगची पेस्ट धुऊन काढल्याशिवाय हेड जोडू द्यायचं नाही, तीही शेवटी वाळूच. सील मात्र काहीही झालं तरी नवीन टाका. शंभर-दीडशेत येतात आणि तिथपर्यंत परत पोचायला सगळी मजुरी द्यावी लागते.

टायमिंग चेन, तिचं टेन्शनर आणि रबरी रोलर याच वेळी बघून घ्यायचे.

जोडताना शेजारी उभे राहा

मिस्त्रीच्या कामात नाक खुपसा असं म्हणत नाही. चहा सांगा, स्टुलावर बसा आणि काही गोष्टींकडे नजर ठेवा.

खोलायच्या आधी इंजिन बाहेरून डिझेलने आणि ब्रशने धुतलं पाहिजे. नाहीतर पात्यांतली माती थेट आत पडते. पिस्टनची पिन काढताना खालच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलेलं असलं पाहिजे. पिनेचं लॉक म्हणजे छोटी तारेची कडी असते, ती उडून आत पडली की हाफचं फुल तिथेच झालं. ते लॉक दरवेळी नवीनच टाकायचं. टायमिंग चेन तारेने बांधून ठेवायची, सोडली की खाली जाते.

पिस्टनच्या डोक्यावर ‘आयएन’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, ती बाजू कार्बोरेटरकडे. रिंगांवर एका बाजूला बारीक खूण असते, ती वर. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी नुसती नळीत घालून, पिस्टनने सरळ खाली ढकलून, तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजायची. फट अजिबात नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग नळी ओरबाडते. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत यायला नकोत, साधारण १२० अंशांवर फिरवून ठेवायची. जुनं पॅकिंग परत वापरायचं नाही, जाड लेप सोल्युशनचा तर अजिबात नाही. तो पिळून आत येतो आणि ऑइलची वाट बुजवतो.

मॅग्नेटवर ‘टी’ची खूण आणि कॅमच्या चक्रावरची खूण जुळवून चेन बसवतात. त्यानंतर किक मारायची नाही. पान्याने मॅग्नेट हळू दोन पूर्ण फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही, वॉल्व्ह पिस्टनला टेकत असतो. खुणा परत जुळवायच्या. हेडचे नट कोपऱ्या-कोपऱ्याने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. हाताच्या अंदाजाने ओढले की एकतर पॅकिंग फुंकतं नाहीतर स्टडचे आटे निघतात. जो नट आणि वॉशर जिथला तिथेच. टॅपेट इंजिन गार असताना सेट करायचे.

उघडलंच आहे तर क्लचच्या बाजूचा ऑइलचा फिरता फिल्टर आणि जाळी साफ करून घ्या. जुन्या स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतो, फिरत्या कपात घाण साठते. माझ्या कपातून काळ्या मलमासारखा गोळा निघाला. पहिल्या कामात तो तसाच राहिला होता.

पहिले पाचशे किलोमीटर

नव्या रिंगा आणि नवी नळी अजून एकमेकांना बसलेली नसते. गाडी चालू करून तासभर स्टँडवर सोडून द्यायची पद्धत चुकीची आहे. उभ्या गाडीला वारा नाही, आणि रिंगेला नळीवर दाबणारा जोरही नाही. चालू झाली, टॅपेटचं झाकण उघडून वर ऑइल पोचतंय हे बघितलं, की हळू रस्त्यावर काढायची. वेग एकसारखा ठेवायचा नाही, कमी-जास्त करत राहायचं. पाचशे किलोमीटरपर्यंत तिघं नाही, किटल्या नाही, वैरणीचा भारा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण गाडी दुरुस्त करतो तीच मुळी त्यासाठी. मी दूध पंधरा दिवस भावाच्या गाडीवर पाठवलं. तीनशे ते पाचशेच्या दरम्यान पहिलं ऑइल काढून टाकायचं. ते बाटलीत भरून उन्हात धरा, धातूची चमचम दिसेल. ते आत राहायला नको.

नंतरचं सोपं आहे. फिल्टर स्पंजचा असेल तर महिन्याला रॉकेलमध्ये धुवून, पिळून, थोडं ऑइल लावून बसवा. धुळीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी. कागदी असेल तर धुवू नका, बदला. ऑइल बघताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, कांडी पुसा आणि टोपी न आवळता नुसती टेकवून बघा. आवळून बघितलं की ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

परवडतं का?

माझ्या दुसऱ्या कामाला पिस्टन किट, बोअर, सील, पॅकिंग, टायमिंग चेन, ऑइल आणि मजुरी धरून साडेपाच हजारांच्या आत-बाहेर गेले. आधी वाया गेलेले अठराशे वेगळे. नवी शंभर सीसी गाडी रस्त्यावर येईपर्यंत किती लागतात ते शोरूमच्या दारात उभं राहिलं की कळतं, आणि हप्ता दर महिन्याला येतो, ऊसबिलासारखा रखडत नाही. चेसिस सरळ असेल, गिअर बॉक्स आवाज करत नसेल तर हाफ इंजिन परवडतं. चेसिस गंजून पिचली असेल, गिअर निसटत असेल आणि वर क्रँकही वाजत असेल, तर त्या गाडीत पैसे घालू नका. हे मी माझ्या मेव्हण्यालाही सांगितलं. त्याने ऐकलं नाही. दिवाळीत केलेलं इंजिन होळीला भंगारात गेलं.

कागदपत्रांचा हिशोबही आधी करा. पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, नवी सुरक्षा नंबर प्लेट लागते आणि त्याआधी पीयूसी. ही कामं राहिली असतील तर त्याचे पैसे इंजिनच्या खर्चात मिळवून मग ठरवा.

पेट्रोलचंही हल्ली सगळे विचारतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यातलं काही आपल्याच उसाचं. जुन्या कार्बोरेटरचे रबरी ओ-रिंग आणि पाइप त्याने कडक किंवा फुगीर होऊ शकतात. इंजिन खोललंच आहे तर ते बदलून घ्या, शे-दोनशेचा माल आहे. इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. पण धूर मारणाऱ्या गाडीचं खापर पेट्रोलवर फोडू नका, निळा धूर ऑइलचाच असतो.

काम झाल्यावर जुना पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सील मागून घ्या. बदललं म्हणून सांगितलेलं खरंच बदललंय हे त्यावरून कळतं. माझा जुना पिस्टन ओसरीतल्या कोनाड्यात आहे, लेक त्यात पेन ठेवते. गाडी त्यानंतर अकरा हजार किलोमीटर चालली. परवा पीयूसी काढली, एका दमात पास. आता बारामतीच्या आरटीओत पर्यावरण कराचं काम तेवढं राहिलंय.